पाठ ११ : पुढे कोण, मागे कोण? (बायकांची डोंगरफेरी)

स्तर : मध्यम (ज्यांना वाचता येतं, पण लांब उतारा वाचताना दम लागतो त्यांच्यासाठी)
वेळ : दोन बैठका. पहिल्या बैठकीत भाग १ ते ३, दुसऱ्या बैठकीत भाग ४ ते ६.



या पाठात आपण बॉथेलहून निघून एका डोंगरावर जाणार आहोत. ही फेरी बायकांची आहे, पण पाठ मुलामुली सगळ्यांसाठी आहे. उतारा आधी एकदा मोठ्याने वाचा. अडलेला शब्द लगेच शोधू नका, वाक्य पूर्ण करा. बऱ्याचदा पुढच्या वाक्यात अर्थ लागतो.

वाचण्यापूर्वी

घरात आई, आजी किंवा मावशीला हे तीन प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.

१. तू लहानपणी कोणत्या डोंगरावर किंवा गडावर गेली होतीस? कोणाबरोबर?
२. तेव्हा तुझ्या पायात काय होतं? चपला, बूट, की काहीच नाही?
३. घरातले कोणी बरोबर नसताना, फक्त मैत्रिणींबरोबर तू कधी फिरायला गेली आहेस का?

आधी हे शब्द

चढ – वर जाणारी वाट
उतार – खाली जाणारी वाट
कडा – डोंगराची उभी, सरळ तुटलेली बाजू
पायथा – डोंगराचा खालचा भाग, जिथून चढायला सुरुवात होते
माथा – डोंगराचा सर्वांत वरचा भाग
पायवाट – माणसं चालून चालून तयार झालेली अरुंद वाट
दम लागणे – धाप लागणे, श्वास जोरात चालणे
शिरगणती – डोकी मोजणे, सगळे आहेत ना ते पाहणे
पाणलोट क्षेत्र – ज्या जमिनीवरचं पावसाचं पाणी वाहत एका नदीत किंवा तळ्यात जमतं ती जमीन

भाग १ : बॉथेल ते पायथा

समजा, जून महिन्यातला शनिवार आहे. सकाळचे सात वाजले आहेत. बॉथेलच्या एका पार्किंगमध्ये तीन गाड्या उभ्या आहेत आणि बाराजणी जमल्या आहेत. कोणी ऑफिसात काम करते, कोणी घर सांभाळते, दोघी कॉलेजात आहेत आणि एक आजी आहेत. आजी साताऱ्याजवळच्या पाटणहून लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. सगळ्यांच्या पुढे जी उभी आहे तिला सगळ्या 'ताई' म्हणतात. ती आजची लीडर. तिने ही वाट आधी अनेकदा चालून पाहिली आहे.

गाड्या ४०५ नंबरच्या हायवेने दक्षिणेला जातात आणि बेलव्ह्यूला ९० नंबरचा हायवे पकडून पूर्वेला वळतात. डाव्या हाताला माउंट साय दिसायला लागला की समजायचं, नॉर्थ बेंड आलं. ३२ नंबरच्या एक्झिटला बाहेर पडलं की थोड्याच वेळात रॅटलस्नेक लेक येतं. बॉथेलपासून इथवर यायला साधारण पाऊण तास लागतो. शनिवार-रविवारी इथलं पार्किंग लवकर भरतं, म्हणून तर सातला निघायचं.

आजचा डोंगर आहे रॅटलस्नेक लेज. 'लेज' म्हणजे डोंगराला फुटलेली दगडी फळी, आपल्या मराठीत कडा. तळ्यापासून कड्यापर्यंतची वाट साधारण २ मैल आहे आणि चढ सुमारे ११०० फूट. वाट रुंद आहे, चांगली राखलेली आहे आणि जवळजवळ सगळी सावलीतून जाते. दोन्ही बाजूंना डग्लस फर आणि हेमलॉकची उंच झाडं आहेत. खाली नेचे आहेत. नेचे म्हणजे ती पिसासारख्या पानांची झुडपं, जी सह्याद्रीत पावसाळ्यात कातळाच्या फटींतून उगवतात.

नावाला घाबरू नका. पश्चिम वॉशिंग्टनमध्ये रॅटलस्नेक हा विषारी साप नाही. तो राज्याच्या पूर्वेला, कोरड्या भागात असतो. मग हे नाव कसं पडलं? गोष्ट अशी सांगतात की पूर्वी रस्त्याची मोजणी करायला आलेल्या एका माणसाने वाळलेल्या शेंगांचा खुळखुळ आवाज ऐकला आणि साप समजून तो घाबरला. साप नव्हताच, पण नाव राहिलं.

भाग २ : तळ्याखालचं गाव

चढायला लागण्याआधी तळ्याकडे नीट पाहा. पाणी कमी असेल तेव्हा काठाशी मोठमोठे कापलेले बुंधे दिसतात. पाण्यात झाडांचे बुंधे कुठून आले?

या जागी पूर्वी मॉन्क्टन नावाचं छोटं गाव होतं. तिथे रेल्वेत काम करणारी माणसं आणि त्यांची कुटुंबं राहत. जवळच सीडर नदीवर सिॲटल शहराने धरण बांधलं होतं. धरणाची भिंत फुटली नाही. पण धरणाच्या एका बाजूची जमीन हिमनदीने आणून टाकलेल्या दगड-वाळूची होती. पाणी त्या जमिनीतून झिरपत झिरपत या खोलगट भागात आलं. १९१५ साली गावात पाणी हळूहळू चढत गेलं, आधी अंगणात, मग घरात. लोकांना घरं सोडून जावं लागलं. गाव पाण्याखाली गेलं आणि तळं मोठं झालं.

आजही सीडर नदीचं पाणलोट क्षेत्र सिॲटल आणि आसपासच्या शहरांना पिण्याचं पाणी देतं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून त्या जंगलाचा बहुतेक भाग लोकांसाठी बंद आहे. कड्यावरून तुम्हाला ते जंगल दिसतं, पण त्यात शिरता येत नाही.

पायथ्याशी ताईने मॉन्क्टनची ही गोष्ट सांगितली, तेव्हा आजी म्हणाल्या, "आमच्याकडे कोयनेचं धरण झालं तेव्हा किती गावं अशीच पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक जाऊन आपलं घर कुठं होतं ते बघायचे." कोयना धरण साताऱ्या जिल्ह्यात आहे. त्याच्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. दोन्ही ठिकाणी गाव पाण्याखाली गेलं, पण कारण वेगळं होतं. कोयनेला पाणी मुद्दाम अडवलं होतं आणि गावं उठवली होती. मॉन्क्टनला पाणी कोणाला नको असताना आलं. घर सोडणाऱ्या माणसाला मात्र दोन्हीकडे सामान बांधावंच लागलं.

भाग ३ : चालायचे नियम

ताई निघण्याआधी सगळ्यांना गोल उभं करते आणि पाच गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट : पुढे एक, मागे एक. पुढे लीडर चालते. सर्वांत मागे जी चालते तिला 'स्वीप' म्हणतात. स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही आणि लीडरच्या पुढे कोणी जायचं नाही. स्वीपचं काम पुढच्या कामापेक्षा अवघड असतं. तिला वाट माहीत हवी, प्रथमोपचाराची पेटी तिच्याकडे हवी आणि मुख्य म्हणजे धीर हवा. दमलेल्या बाईला "चल, चल" म्हणणं सोपं असतं. तिच्या शेजारी गप्पा मारत हळू चालणं जास्त उपयोगाचं.

दुसरी गोष्ट : वेग सर्वांत हळू चालणारीचा. तो कसा ओळखायचा? चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तुटत असेल तर वेग जास्त आहे. पुढच्या मुली वीस मिनिटं पळत जातात, मग थांबतात. मागची येऊन पोहोचली की लगेच पुढच्या निघतात. असं झालं तर विश्रांती कोणाला मिळाली? जी दमली नव्हती तिला! म्हणून नियम असा : मागची पोहोचली, तिने पाणी प्यायलं, तिचा श्वास खाली बसला, मग ती "चला" म्हणणार. 'चला' म्हणायचा हक्क शेवटचीचा.

तिसरी गोष्ट : प्रत्येक फाट्यावर शिरगणती. वाट दोन ठिकाणी फुटत असेल तर तिथे सगळ्यांनी थांबायचं. "एक, दोन, तीन..." असं आपला आकडा आपण म्हणायचा. बारा आकडे झाले तरच पुढे.

चौथी गोष्ट : परतीची वेळ आधी ठरवायची. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने १८९२ साली एक सोपा हिशोब सांगितला. सपाटीवर ३ मैलांना १ तास, आणि दर २००० फूट चढाला आणखी १ तास. आपला हिशोब करू. २ मैलांना ४० मिनिटं. ११०० फुटांना ३३ मिनिटं. एकूण ७३ मिनिटं. पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्यांचा आहे. बाराजणी, पाणी, फोटो, बुटाची नाडी हे सगळं धरून ताई दोन तास ठेवते. सव्वाआठला निघालो तर सव्वादहाला वर. पावणेअकरा वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचं, कडा शंभर पावलांवर दिसत असला तरी.

पाचवी गोष्ट : लाजायचं नाही. गुडघा दुखतोय, टाच घासतेय, पाळी आली आहे, लघवीला जायचं आहे, भीती वाटते आहे, जे असेल ते आधी सांगायचं. फक्त बायकांचा गट करण्याचं एक मोठं कारण हेच आहे. घरच्यांबरोबर जाताना आईच्या पाठीवर सगळ्यांचा खाऊ असतो, लक्ष मुलांकडे असतं आणि वेग दुसऱ्या कोणाचा तरी असतो. इथे तिच्या पिशवीत तिचं स्वतःचं सामान आहे आणि वेगही तिचाच आहे.

पाठपिशवीत काय हवं? सिॲटलच्या 'द माउंटेनियर्स' या गिर्यारोहण संस्थेने दहा आवश्यक गोष्टींची यादी लोकप्रिय केली. तीच थोडक्यात : नकाशा, डोक्याला लावायची विजेरी, उन्हापासून बचाव, प्रथमोपचार, छोटा चाकू, काडेपेटी, अंगावर घ्यायला हलका निवारा, जास्तीचं खाणं, जास्तीचं पाणी, जास्तीचे कपडे. कपडे सुती नकोत. सुती कापड भिजलं की लवकर वाळत नाही आणि अंग गार पडतं. खाण्यात चिक्की, दशम्या, गूळ-शेंगदाणे चांगले. चिक्कीचा कागद आणि संत्र्याचं सालसुद्धा परत आणायचं. शिट्टीही बरोबर असू द्या. अमेरिकेत तीन वेळा शिट्टी म्हणजे 'मदत हवी'.

भाग ४ : संवाद – "तुम्ही व्हा पुढे"

*(सकाळचे पावणेदहा. निम्म्याहून जास्त चढ झाला आहे. आजी वाटेच्या कडेला एका दगडावर बसतात. स्वीप असलेली मावशी शिट्टी न वाजवता पुढे हाक मारते. ताई मागे येते.)*

आजी : तुम्ही व्हा गं पुढे. मी बसते इथंच. येताना मला घेऊन जा.

काकू (आजींची लेक) : आई, तू एकटी बसणार? या जंगलात?

आजी : त्यात काय? वाघ आहे का इथं?

नात : वाघ नाही आजी, पण कूगर असतो. अस्वलही असतं.

आजी : असू दे. त्याला म्हणेन, जरा थांब बाबा, लेक येतेय माझी.

*(सगळ्या हसतात.)*

ताई : आजी, दम लागलाय की कुठे दुखतंय?

आजी : दम नाही गं. दम कशाला लागतोय! उजवा गुडघा.

ताई : कधीपासून?

आजी : झाला असेल अर्धा तास. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून बोलले नाही.

ताई : बोलायचं होतं ना आजी. खोळंब्याचा वेळ धरूनच निघालोय आपण. आता चढताना जास्त दुखतो की उतरताना?

आजी : मघाशी जरासा उतार लागला ना, तिथं कळ आली.

काकू : मग ठरलं. मी आईला घेऊन खाली जाते. तुम्ही सगळ्या जा.

ताई : दोघीच नको काकू. तिसरी हवी.

मावशी : मी येते. मी कडा दोनदा पाहिलाय. पण मग मागे कोण चालणार?

नात : मी चालते मागे.

ताई : चालशील? कोणाच्याही पुढे जायचं नाही मग. फोटोसाठीसुद्धा.

नात : हो, माहितीये. आणि शेवटची 'चला' म्हणेल तेव्हाच निघायचं.

ताई : शाब्बास. काकू, गाडीची किल्ली तुमच्याकडे आहे ना?

काकू : अगं बाई, किल्ली तर पुढच्या मुलीच्या बॅगेत!

ताई : आधी ती घ्या. प्रथमोपचाराची पेटी मावशीकडून आता हिच्याकडे येऊ दे. गुडघ्याचा पट्टा आणि दोन्ही काठ्या आजींना द्या. आजी, छोटी पावलं टाका. सव्वाबाराला आपण सगळ्या तळ्याच्या काठी भेटू. फोनला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा वेळ पाळायची.

आजी : आणि तुम्ही कड्याच्या टोकाला जाऊ नका. मला फोटो नको, माणसं हवीत.

थोडा विचार करू

इथे कोणी चूक केली का? आजींनी दुखणं लपवलं, हे खरं. पण का लपवलं? आपल्याकडे मोठ्या बायका बऱ्याचदा स्वतःचं दुखणं सर्वांत शेवटी सांगतात. 'माझ्यामुळे दुसऱ्याला त्रास नको' ही सवय घरात चांगली दिसते, डोंगरावर ती धोक्याची असते. अर्धा तास आधी कळलं असतं तर आजींना तेवढी वाट कमी उतरावी लागली असती. लक्षात ठेवा : माथ्यावर पोहोचणं म्हणजे निम्मंच चालणं झालं. उरलेला निम्मा उतार असतो आणि गुडघ्यावर जास्त भार उतारावर येतो.

तिसरी बाई कशासाठी? समजा, वाटेत आजींना अजिबात चालता आलं नाही. दोघीच असतील तर एकीला मदत आणायला जावं लागेल आणि आजी एकट्या राहतील. तिघी असतील तर एक जाईल आणि एक आजींजवळ थांबेल. हा साधा हिशोब आहे, त्यात कोणाच्या धीटपणाचा प्रश्न नाही.

सगळ्यांनीच मागे फिरायला हवं होतं का? काही गट तसं करतात, आणि तेही बरोबर आहे. हवा बिघडली असती, किंवा वर जाणाऱ्यांकडे वाट माहीत असलेली कोणी नसती, तर ताईने तेच केलं असतं. इथे हवा चांगली होती, दोन्ही गटांत वाट माहीत असलेली बाई होती आणि भेटायची वेळ ठरली होती.

भाग ५ : वर आणि खाली

नऊजणी वर पोहोचल्या. कड्यावरून खाली रॅटलस्नेक लेक दिसतं, समोर माउंट साय आणि पूर्वेकडे जंगलात लपलेलं चेस्टर मोर्स लेक. कड्याला कठडा नाही. इथून पडून माणसं दगावली आहेत, म्हणून ताईने सगळ्यांना टोकापासून दूर बसवलं. खडक ओला असेल तर आणखी दूर. नऊ आकडे मोजून झाल्यावर दशम्या निघाल्या.

खाली तिघीजणी हळूहळू तळ्याशी आल्या. तिथे सीडर नदीच्या पाणलोट क्षेत्राचं माहिती केंद्र आहे. त्याच्या अंगणात वेगवेगळे ढोल ठेवले आहेत आणि त्यांच्यावर पाण्याचे थेंब पडून ताल वाजतो. आजी बराच वेळ तिथे पाय लांब करून बसल्या होत्या. सव्वाबाराला तळ्याच्या काठी शिरगणती झाली. अकरा आकडे झाले आणि क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग आजींच्या लक्षात आलं, आपला आकडा आपणच म्हणायचा असतो. त्या म्हणाल्या, "बारा."

भाग ६ : आपल्या आधी चढलेल्या

बायकांनी डोंगर चढणं ही नवी गोष्ट नाही. आपल्याकडेही नाही आणि इथेही नाही.

इथे : बॉथेलहून आकाश मोकळं असलं की दक्षिणेला माउंट रेनियर दिसतो, उंची १४,४१० फूट. १० ऑगस्ट १८९० रोजी फे फुलर ही वीस वर्षांची शिक्षिका त्याच्या माथ्यावर पोहोचली. माथ्यावर पोहोचलेली ती पहिली स्त्री, असं मानलं जातं. तिच्याबरोबर चार पुरुष होते. त्या काळी बायकांनी लांब घोळदार झगाच घालायचा असे. तिने चढण्यासाठी पायघोळ विजारीसारखा जाड कपडा घातला आणि त्यावरून लोकांनी नावं ठेवली. पुढे १९०६ साली सिॲटलमध्ये 'द माउंटेनियर्स' ही संस्था सुरू झाली, तेव्हा पहिल्या सभासदांमध्ये जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या. १९६६ साली लुईस मार्शल या बाईंनी पायवाटांविषयी 'साइनपोस्ट' नावाचं मासिक सुरू केलं. त्यातूनच आजची 'वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशन' उभी राहिली. या संस्थेचे स्वयंसेवक दरवर्षी पायवाटा दुरुस्त करतात.

महाराष्ट्रात : महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आहे कळसूबाई, उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. ते अकोले तालुक्यात आहे आणि बारी या गावातून वर वाट जाते. अवघड जागी लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे आणि नवरात्रात तिथे मोठी गर्दी होते. कळसूबाई कोण? लोककथा अशी : कळसू ही कोळ्याची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली. तिने आधीच अट घातली होती की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, बाकी सगळं करीन. एक दिवस घरी खूप पाहुणे आले आणि तिला तीच कामं करायला लावली. तेव्हा ती घर सोडून डोंगरावर गेली आणि तिथेच राहिली. सर्वांत उंच शिखराला राजाचं किंवा सेनापतीचं नाव नाही, एका कामकरी मुलीचं आहे.

रायगडावरच्या हिरकणीची कथा तुम्ही ऐकली असेल, कदाचित २०१९ चा 'हिरकणी' सिनेमाही पाहिला असेल. गडावर दूध विकायला आलेली ही गवळण संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली. घरी तान्हं बाळ होतं, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. त्या कड्यावर आज हिरकणी बुरूज आहे. या कथेत हिरकणीच्या धैर्याचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. पण हेही पाहा की तिच्याबरोबर कोणी नव्हतं. 'पुढे एक, मागे एक' हा नियम तिला मिळाला नाही.

सह्याद्रीत डोंगर चढणं बायकांना छंद म्हणून कमी आणि काम म्हणून जास्त माहीत होतं. डोक्यावर लाकडाची मोळी किंवा पाण्याचा हंडा घेऊन त्या घाटवाटा चढत, आणि काही गावांत आजही चढतात. नऊवारी लुगड्याचा काष्टा मारला की दोन्ही पाय मोकळे राहतात. फे फुलरला जो कपडा नवा शिवून घ्यावा लागला, तसा कपडा आपल्या पणज्या रोजच नेसत होत्या.

आणि आजची गोष्ट : साताऱ्याच्या प्रियांका मोहिते हिने २०१३ साली एव्हरेस्ट सर केलं. २०२१ साली ती अन्नपूर्णा या ८००० मीटरपेक्षा उंच शिखरावर पोहोचली. तिची सुरुवात सह्याद्रीच्या डोंगरांवरच झाली.

भाषेकडे लक्ष

(अ) दोघी, तिघी, चौघी

मराठीत माणसं मोजायला वेगळे शब्द आहेत.

फक्त बायका : एकटी, दोघी, तिघी, चौघी, पाचजणी, सहाजणी ... बाराजणी
फक्त पुरुष : एकटा, दोघे, तिघे, चौघे, पाचजण, सहाजण ... बाराजण

'दोन बायका' म्हटलं तर चूक नाही. पण घरात, गप्पांमध्ये 'आम्ही दोघी गेलो' असंच म्हणतात. क्रियापद पाहा : *त्या तिघी खाली आल्या. ते तिघे खाली आले.* बोलणारी स्वतः गटात असेल तर : *आम्ही तिघी खाली आलो.*

(आ) तू की तुम्ही?

संवाद पुन्हा पाहा. काकू स्वतःच्या आईला 'तू' म्हणते. ताई त्याच आजींना 'तुम्ही' म्हणते ("छोटी पावलं टाका"). ताई नातीला 'तू' म्हणते ("चालशील?"). बहुतेक मराठी घरांत आई, आजी, मावशी यांना 'तू' म्हणतात. त्यात अनादर नाही, जवळीक आहे. दुसऱ्याच्या आजीला मात्र 'तुम्ही' म्हणायचं. काही घरांत आजीलाही 'तुम्ही' म्हणतात. तुमच्या घरी काय म्हणतात?

(इ) लिहिताना आणि बोलताना

बोलताना : दुखतंय, लागलाय, माहितीये, येतेय
लिहिताना : दुखत आहे, लागला आहे, माहिती आहे, येत आहे

संवादातून असे आणखी तीन शब्द शोधा आणि त्यांची लिहायची रूपं करा.

प्रश्न

१. मॉन्क्टन गाव पाण्याखाली का गेलं? धरण फुटलं होतं का?
२. 'चला' म्हणायचा हक्क कोणाचा? का?
३. ताईने "दोघीच नको" असं का म्हटलं? तुमच्या शब्दांत सांगा.
४. खाली जाणाऱ्या गटाला किल्ली का हवी होती?
५. शिरगणतीत आधी अकराच आकडे का झाले?
६. रिकाम्या जागा भरा :
(क) आई आणि मावशी, ______ बाजारात गेल्या. (दोघे / दोघी)
(ख) बाबा, काका आणि आजोबा, ______ गडावर चढले. (तिघे / तिघी)
(ग) आजी, तुम्ही इथे ______. (बस / बसा)
(घ) आई, तू पाणी ______ का? (प्यायलीस / प्यायलात)
७. नेस्मिथचा हिशोब करा. माउंट सायची वाट वर जाताना साधारण ४ मैल आणि चढ सुमारे ३१०० फूट आहे. न थांबता किती वेळ लागेल? आजी बरोबर असतील तर तुम्ही किती वेळ ठेवाल?

चर्चा (वर्गात, दोन गट करून)

गट एक म्हणेल : सगळ्यांनी एकत्रच परत फिरायला हवं होतं.
गट दोन म्हणेल : नऊजणींनी वर जाणं योग्य होतं.
प्रत्येकाने किमान दोन कारणं सांगायची. 'मला असं वाटतं की...', 'पण समजा...', 'म्हणून...' हे शब्द वापरा.

लेखन (१० ते १२ वाक्यं, एक निवडा)

१. तुम्ही त्या गटाची लीडर आहात. पुढच्या शनिवारच्या फेरीची सूचना लिहा : कुठे जमायचं, किती वाजता, काय आणायचं, परतीची वेळ कोणती.
२. सुरुवातीच्या तीन प्रश्नांना आई, आजी किंवा मावशीने दिलेली उत्तरं वापरून तिच्या एका डोंगरफेरीबद्दल लिहा. तिची दोन वाक्यं तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत द्या.

घरी करायची कृती

आजी किंवा आईबरोबर जवळच्या एखाद्या सोप्या वाटेवर एक मैल चाला. बॉथेलमध्ये समामिश नदीकाठची सपाट वाट चालेल. तुम्ही स्वीप व्हा. शेवटपर्यंत तिच्या मागेच चाला आणि संपूर्ण वेळ मराठीत बोला. चालताना दिसलेल्या पाच गोष्टींची मराठी नावं तिला विचारा. ती यादी पुढच्या वर्गात घेऊन या.